सदतिसाव्या अंकाची बांधणी

"डोळे मिटा, जावईबापू," सासरे म्हणाले.

मूळप्रतसाहेब नुकतेच ऑफिसातून आले होते. एक बूट निघाला होता, दुसरा निघायचा होता. पण सासऱ्यांनी वर्षभरात पहिल्यांदाच आपण होऊन तोंड उघडलं होतं, म्हणून त्यांनी एका पायावर उभं राहून डोळे मिटले. हातांवर काहीतरी जड, गार आणि किंचित ओलसर येऊन पडलं.

"उघडा आता."

पुस्तक होतं. गडद तपकिरी कापडाची पाठ, कोपऱ्यांना तसल्याच कापडाचे त्रिकोण, तिन्ही बाजूंनी लोण्यासारख्या कापलेल्या कडा. वर सोनेरी अक्षरांत 'दीपगृह नंबर सात', आणि खाली, जरा लहान अक्षरांत, खुद्द साहेबांचं नाव. वडिलांच्या नावासकट.

"बाबा, हे... हे कशाचं केलंत?"

"तुमच्या त्या टेबलावरच्या डब्यातल्या चित्रमासिकांचं! सुटी पडली होती बिचारी, वर्षाचा अख्खा संच. आणि बरं का, सदतिसावा अंक चार वेळा आला होता. एजंट लोक असंच करतात, न खपलेला माल भल्या माणसाच्या गळ्यात मारतात. तीन काढून टाकले."

"आणि कव्हरं?"

केळ्याची साल कुठे ठेवली असं विचारल्यावर माणूस जसा पाहील तसं सासऱ्यांनी पाहिलं. "कव्हरं काढल्याशिवाय पुस्तक बांधता येतं होय? पाठीला आणि पुठ्ठ्याला अस्तर लावलं त्यांचं. वाया नाही घालवलं काही."

साहेबांनी काढलेला बूट पुन्हा पायात घातला. कुठे जायचं होतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

*

साहेब होते नक्कल विभागात. खिडकी क्रमांक चार. तिथे लोक कागदाची नक्कल घेऊन यायचे आणि साहेब ती मुळाशी ताडून तिच्यावर शिक्का मारायचे. मूळ नसेल तर मारायचे नाहीत. "मूळ प्रत आणा" हे वाक्य बावीस वर्षं रोज सरासरी तीस वेळा उच्चारल्यामुळे त्यांचं खरं नाव ऑफिसातसुद्धा फक्त पगारपत्रकात उरलं होतं. एकदा लग्नाच्या वाढदिवसाला बायकोने लग्नाचा फोटो मोठा करून आणला, तेव्हा साहेब खूश होऊन म्हणाले होते, "सुंदर! मूळ कुठाय?"

असा माणूस छंद कोणता लावून घेणार? 'दीपगृह नंबर सात' ही त्यांच्या लहानपणची चित्रकथामाला. तिचा नायक दीपगृहाचा पहारेकरी, आणि तो जागचा न हलता चोर पकडायचा. (साहेबांना हा नायक सरकारी नोकरीला सर्वांत जवळचा वाटायचा.) तिचा सदतिसावा अंक, 'बुडालेलं घड्याळ', हा चार कव्हरांत निघाला होता: निळं, लाल, हिरवं, पिवळं. आत स्वल्पविरामाचाही फरक नाही. एकाच माणसाने चार शर्ट बदलून चार फोटो काढावेत, तसा प्रकार. त्यातही पिवळ्यावर चित्रकाराने पहारेकऱ्याला दोन्ही हात डावे काढले होते. हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि छपाई थांबली. तोवर जी मूठभर कव्हरं बाहेर पडली, तेवढीच जगात.

ते पिवळं साहेबांनी अकरा वर्षं शोधलं. शेवटी सापडलं एका न्हाव्याच्या दुकानात, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या गठ्ठ्यात. न्हाव्याचं मन वळवायला साहेबांनी एका महिन्यात चार वेळा केस कापून घेतले. मुळात शिल्लक किती होते हे पाहता तो त्यागच म्हणायचा.

आणि आता दहा दिवसांवर संग्राहक मंडळाचं वार्षिक प्रदर्शन होतं. साहेबांनी अर्ज भरून दिला होता: 'अंक ३७. चारही कव्हरं. मूळ.' मूळ या शब्दाखाली दोन रेघा.

*

स्वयंपाकघरात त्यांनी बायकोला गाठलं. आवाज खाली ठेवून ओरडायचं असेल तर काय करावं लागतं ते लग्न झालेल्या माणसांना माहीत असतं.

"अगं, तुझ्या वडिलांनी माझी कव्हरं..."

"माहितीय. दुपारी दाखवलं त्यांनी. काळजाचं पाणी झालं माझ्या." तिने गॅस बारीक केला. "तुम्ही सांगणार आहात त्यांना?"

"नको सांगू?"

"सांगा. मी कोण अडवणार? तुमची अकरा वर्षं आहेत." मग ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "आज त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, अहो."



सासऱ्यांनी अठ्ठेचाळीस वर्षं पुस्तकं बांधली होती. कोर्टाच्या वह्या, शाळांचे पट, नवरा-बायकोंची प्रेमपत्रंसुद्धा, न वाचता. गेल्या वर्षी दुकान बंद झालं, पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा भंगारात गेला, आणि म्हातारा एक पिशवी घेऊन मुलीकडे राहायला आला. पिशवीत दाभण, दोऱ्याचं रीळ आणि वापरून गुळगुळीत झालेली हाडाची पट्टी. त्या दिवसापासून ते खिडकीशी हात मांडीवर ठेवून बसायचे. ते हात दुसऱ्या कुणाचे असून आपल्याला फक्त सांभाळायला दिलेत, असे. ताटात निम्मं टाकायचे. विचारलं तर म्हणायचे, "काम नाही तर भूक कसली?" डॉक्टरांनी दोनदा औषध बदललं आणि तिसऱ्यांदा नुसताच सुस्कारा टाकला.

"मग कधी सांगू?" साहेबांनी विचारलं.

"आज नको," बायको म्हणाली.

*

शुक्रवारी ती म्हणाली, आज नको. शनिवारी म्हणाली, आज तर नकोच, आज त्यांनी दाढी केलीय.

*

तेव्हा साहेबांनी नोंद मागे घ्यायची ठरवली. मंडळाच्या कचेरीतून छापील उत्तर आलं:

'नोंद मागे घेण्यासाठी नमुना ग भरावा. सोबत, ज्या वस्तूची नोंद मागे घ्यावयाची आहे ती मूळ वस्तू पडताळणीसाठी सादर करावी. मूळ वस्तू सादर न केल्यास नोंद मागे घेता येणार नाही. नोंद मागे न घेता गैरहजर राहिल्यास सभासदत्व रद्द होईल.'

साहेबांनी फोन लावला. "अहो, मूळ वस्तू दाखवता येत नाही म्हणूनच तर मागे घ्यायचीय!"

"ते बरोबर आहे," पलीकडचा माणूस अतिशय नम्रपणे म्हणाला. "पण मूळ वस्तू आणा."

फोन ठेवल्यावर साहेब बराच वेळ खिडकी क्रमांक चारमधून बाहेरच्या रांगेकडे पाहत राहिले. त्या दिवशी त्यांनी एका आजीबाईंच्या झेरॉक्सवर मूळ न पाहता शिक्का मारला. मग घाबरून, धावत जाऊन, आजीबाईंना जिन्यात गाठून मूळ पाहून घेतलं.

*

शेजाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण शेजारधर्माचं पहिलं तत्त्वच हे, की दुसऱ्याची अडचण विचारून घ्यायची नसते, हुंगून घ्यायची असते.

खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, "एवढंच ना? दात काढतो तशी कव्हरं काढायची. आधी थोडं हलवायचं, मग पेशंटचं लक्ष दुसरीकडे वेधायचं, आणि खट्!"

"पण पेशंट मरेल हो."

"दात तर मिळेल!" मग ते खुशीत म्हणाले, "बाकी तुमच्या सासऱ्यांनी ते तीन जादा अंक माझ्या वेटिंग रूमला दिले, फार उपकार झाले. मुलं रंगवत बसतात. रडत नाहीत."

साहेबांनी जिन्याचा कठडा धरला.

समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "खरं सांगून मोकळे व्हा. मी चाळीस वर्षं मुलांना तोंडावर खरं सांगत आले. निम्मी अजून माझ्याशी बोलत नाहीत, पण मला झोप शांत लागते." असं म्हणून त्या साहेबांना न जुमानता आत गेल्या, सासऱ्यांच्या पुस्तकावरून बोट फिरवलं, चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि संध्याकाळी आपल्या चाळीस वर्षांच्या टिपणवह्या रिक्षात घालून घेऊन आल्या. "जमेल का हो?" असं विचारताना त्यांचा आवाज पहिलीतल्या मुलीसारखा झाला होता.

जमेल का म्हणजे काय! सासऱ्यांनी बाह्या सारल्या.

पाठोपाठ दंतवैद्यांची रजिस्टरं आली. वरच्या मजल्यावरच्या वहिनींची पाककृतींची कात्रणं आली. चौथ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा उरली नाही. पलंगाखाली पुठ्ठे, टीव्हीवर दोऱ्याची रिळं, न्हाणीघरात कापड वाळत टाकलेलं. गॅसवर एका शेगडीवर भात आणि दुसरीवर पिठाची खळ. बुधवारी साहेबांनी घाईत ताटात खळ वाढून घेतली आणि आज आमटी जरा घट्ट झालीय म्हणाले. सासरे घरभर हुकूम सोडत होते: "पुठ्ठ्यावर पेला कुणी ठेवला? जावईबापू, दोरा ताणून धरा! ताणून म्हणजे ताणून, कागदाचा माणूस ना तुम्ही!" आणि जेवताना, टेबलाच्या उरलेल्या वीतभर कोपऱ्यावर, ते ताट पुढे करून म्हणायचे, "वाढ अजून."

बायको वाढायची आणि नवऱ्याकडे पाहायची. नवरा आपल्या ताटाकडे पाहायचा.

शेवटी सासऱ्यांची नजर कपाटाकडे गेली. कपाटात बाकीचा सगळा संग्रह होता. "जावईबापू, हेही सुटंच दिसतंय सगळं."

त्या दिवशी साहेबांनी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली डब्यात घालून ऑफिसात नेली. किल्लीने लोणच्यासारखा वास धरला.

*

आता एकच वाट उरली होती, आणि ती कोपऱ्यावरच्या पुस्तकांच्या दुकानातून जात होती.

प्रकाशकांनी दोन वर्षांपूर्वी सदतिसाव्या अंकाची स्मरण-आवृत्ती काढली होती. चारही कव्हरं, गुळगुळीत कागद. त्या वेळी साहेबांनी मंडळाच्या पत्रिकेत एक जळजळीत पत्र लिहिलं होतं. त्यातलं 'पुनर्मुद्रण म्हणजे दुसऱ्याच्या दातांनी हसणं' हे वाक्य सभासदांमध्ये फार गाजलं. (दंतवैद्य अजून त्यावर नाराज होते.)

"चार कव्हरांचा तो संच आहे का?" साहेबांनी दुकानदाराला विचारलं. खोकत विचारलं.

"आहे की!" दुकानदार वाकला, मग हळूच वर आला. "तुम्हीच ना ते? दातांचं लिहिणारे?"

"भाच्यासाठी हवंय."

"भाच्यासाठी," दुकानदाराने मान हलवली. काउंटरच्या काचेखाली ते पत्र कापून लावलेलं होतं. "गिफ्ट पॅक करू? की दुसऱ्याच्या दातांनी हसतच नेता?"

*

रविवारी सकाळी, प्रदर्शनाचं सभागृह. चाळीस टेबलं, चाळीस संग्राहक, आणि सगळ्यांचे हात पाठीमागे बांधलेले. या मंडळींना दुसऱ्याच्या वस्तूला हात न लावण्याची इतकी सवय असते की ते चहासुद्धा विचारून उचलतात.

साहेबांची योजना अशी होती. सासरे बरोबर येणारच होते, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे आज त्यांचं पुस्तक प्रदर्शनात मांडलं जाणार होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून, पुस्तक धुतल्या टॉवेलात गुंडाळून, पोटाशी धरून आले होते. त्यांना चहाकडे पाठवायचं. तेवढ्या वेळात परीक्षकबाईंना पुनर्मुद्रणं लांबून दाखवायची, त्या चुकून पुढे गेल्या तर ठीक, नाहीतर जे होईल ते सोसायचं. मग कव्हरं पिशवीत, पुस्तक टेबलावर, सासरे खूश. योजनेत फक्त एक दोष होता. ती साहेबांनी केली होती.

परीक्षक होत्या भिंगबाई. त्या भिंग गळ्यात अडकवत, पण वापरत क्वचितच. त्या कागद हुंगत. टेबलाशी आल्या, वाकल्या, एकदाच श्वास घेतला.

"हं," भिंगबाई म्हणाल्या. "तुम्ही?"

त्या एका शब्दात ते पत्र, ते दोन रेघांचं 'मूळ' आणि बावीस वर्षांची खिडकी सगळं मावलं. साहेबांचे कान तापले. त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी मागून आवाज आला.

"अरेच्चा! ही कुठून आली?"

सासरे दोन हातांत दोन कप आणि काखेत पुस्तक घेऊन उभे होते. टेबलावरच्या निळ्या, लाल, हिरव्या, पिवळ्या कव्हरांकडे डोळे विस्फारून पाहत होते. "ही तर मी फाडली होती!"

सभागृहातल्या चाळीस माणसांच्या माना एकदम वळल्या. 

"फाडली?" भिंगबाई म्हणाल्या.

"काढली हो, अलगद. अस्तराला घातली." सासऱ्यांनी कप खाली ठेवले, टॉवेल सोडला. "हे बघा ना."

भिंगबाईंनी पुस्तक घेतलं. उघडलं. ते टेबलावर सपाट पडलं, हात न लावता, पान न फडफडता. त्यांनी शिवण पाहिली, पाठीवरून अंगठा फिरवला. "हातानं शिवलंय?"

"मग काय पायानं?"

"कव्हरांशिवाय आमच्याकडे याला शून्य गुण," भिंगबाई म्हणाल्या. पण पुस्तक त्यांनी परत दिलं नाही. "थोडा वेळ राहू दे माझ्या हातात."

सासरे आता पुस्तकाकडे पाहत नव्हते. ते आजूबाजूच्या टेबलांकडे पाहत होते. प्लॅस्टिकच्या पाकिटांत, काचेखाली, कापसावर ठेवलेली होती ती कव्हरं. सगळीकडे नुसती कव्हरं. म्हाताऱ्याचा चेहरा हळूहळू, खळ वाळावी तसा, बदलत गेला.

"जावईबापू. तो अंक चुकून चार वेळा नव्हता आला."

"नाही, बाबा."

"दहा दिवस झाले. मला बोलला का नाहीत?"

  "तुम्ही जेवायला लागला होतात," साहेब म्हणाले.

*

 घरी आल्यावर सासऱ्यांनी शर्ट बदलला, टेबलावरचं सगळं खाली ठेवलं, आणि मुलीने वाढलेलं ताट बाजूला सारून ते म्हणाले, "किटली ठेव ग. वाफ लागेल."

"बाबा, कशाला आता," साहेब म्हणाले.

"काम चुकलं की उसवायचं. त्यात कशाला काय? म्हणून तर खळ पिठाची असते. उद्या कुणाला सोडवावंसं वाटलं तर सुटावं, असं बांधायचं असतं. तुम्ही किटली धरा. जवळ नको, पोळेल कागद. हं, तिथे."

साहेबांनी वाफ धरली आणि म्हाताऱ्याने हाडाची पट्टी पुठ्ठ्याखाली सरकवली. श्वास रोखून दोघं एका कागदावर वाकले. निळं निघालं. सुरकुतलेलं, एका बाजूला खळीचा ढग उमटलेला, पण अख्खं. मग लाल. मग हिरवं, त्याचा कोपरा गेला, तेव्हा सासरे स्वतःवरच "गाढवा" म्हणाले. अधूनमधून बाकीच्या अकरा अंकांची कव्हरंही येत होती, त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"पिवळं?" साहेबांनी विचारलं.

सासऱ्यांनी पुस्तक उभं धरून पाठ दाखवली. "इथं आहे. चारांत त्याचा कागद सगळ्यात चांगला लागला हाताला. पाठीला नेहमी उत्तम कागद लावावा, सगळा भार तिथं येतो." मग कात्री उचलली. "हे वाफेनं नाही यायचं. शिवणीत गेलंय. दोरा कापला तर मोकळं होईल. थोडं फाटेल, पण निघेल. पुस्तक मात्र गेलं." त्यांची कात्री शिवणीच्या पहिल्या टाक्यावर येऊन थांबली.  "बोला. अकरा वर्षं शोधलंत म्हणे तुम्ही."

किटली शिट्टी वाजवत होती. बायको दारात उभी होती, पण या वेळी ती 'आज नको' म्हणाली नाही.

साहेबांनी पाठीवरून बोट फिरवलं. कापडाखाली काही जाणवत नव्हतं. दोन डाव्या हातांचा तो पहारेकरी आत कुठेतरी सगळा भार घेऊन उभा होता.

"सापडलंय ना ते," साहेब म्हणाले. "कुठे आहे ते माहीत आहे. राहू द्या."

"पुन्हा नाही विचारणार हं मी."

"नका विचारू."

सासऱ्यांनी कात्री ठेवली. नाक शिंकरलं, बराच वेळ शिंकरलं. मग नवं अस्तर कापलं, खळ लावली, पुठ्ठे बसवले, कडा दाबल्या आणि इकडेतिकडे पाहिलं. "वजन पाहिजे यावर. शिकंजा असता तर..." त्यांनी पुस्तक दोन फळ्यांमध्ये घालून खुर्चीवर ठेवलं आणि जावयाला आपादमस्तक न्याहाळलं. "बसा."

"यावर?"

"मग कशावर? पुढे सरकू नका. मधोमध. ताठ."

मूळप्रतसाहेब बसले. मधोमध, ताठ, हात गुडघ्यांवर. "किती वेळ?"

"वाळेपर्यंत," सासरे म्हणाले. बाजूला सारलेलं ताट त्यांनी पुढे ओढलं, आणि आत पाहून आवाज दिला, "अगं, हे गार झालं. गरम आहे का काही?"